स्पायडर व्हेन्सची इंजेक्शनं कुणी घेतली आहेत का? आधी डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) लागतंच का?

खडूफळा_कोथरूड
नमस्कार मंडळी. मी 41 वर्षांची, शाळेत शिकवते, त्यामुळे रोजचे पाच-सहा तास उभं राहणं आलंच. दुसऱ्या बाळंतपणानंतर मांडीवर आणि घोट्यापाशी निळ्या-जांभळ्या बारीक रेषा उमटायला लागल्या, कोळ्याचं जाळं असतं ना अगदी तशा, आणि गेल्या दोन वर्षांत डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला एक शीर फुगून वर आलीये, उभी असले की दोरीसारखी हाताला लागते, आडवी झाले की गायब. संध्याकाळी पाय भरून येतात आणि रात्री गोळे. परवा एका स्किन क्लिनिकमध्ये गेले तर पाच मिनिटं पाय बघून म्हणाले आजच इंजेक्शन चालू करू, सहा सिटिंगचं पॅकेज घ्या. सोनोग्राफीचं विचारलं तर यात गरज नसते म्हणे. मी विचार करून सांगते म्हणून उठून आले. खरंच गरज नसते का? दुखतं का, डाग राहतात का? मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घ्यावं असं डोक्यात आहे.

ढोलवाली
ताई, उठून आलात ते बरं केलंत. मी ढोल-ताशा पथकात वाजवते, कमरेला ढोल बांधून तासन्तास उभं राहायचं, त्यात आईलाही हाच त्रास. माझ्या फक्त बारीक रेषा होत्या, फुगलेली शीर नव्हती, तरी माझ्या डॉक्टरांनी आधी डॉपलर करायला लावलं, ते नॉर्मल आलं मगच सुई हातात घेतली. औषध पॉलिडोकॅनॉल. हे औषध मुळात भूल द्यायला म्हणून बनवलं होतं, त्यामुळे सुई टोचल्याचं कळतं पण आग फारशी होत नाही. बारीक रेषांना 0.5 टक्के आणि जरा मोठ्या निळ्या शिरांना 1 टक्का वापरलं. इंजेक्शन झाल्या झाल्या पाय घट्ट दाबून धरणारे खास मोजे चढवून अर्धा तास चालायला लावलं, मी तिथूनच सारसबागेला दोन चकरा मारल्या. पहिले पंधरा दिवस पाय आधीपेक्षा वाईट दिसतो, काळा-निळा, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं कारण मी रडले होते खरंच. दीड महिन्यानंतर फिकट व्हायला लागलं. एका ठिकाणी तपकिरी डाग राहिला, तो जायला आठ महिने गेले. तीन सिटिंग लागल्या, प्रत्येकीत महिना-दीड महिन्याचं अंतर. मी जानेवारीत सुरू केलं होतं, मे महिन्यात पुण्यात ते मोजे घालणं फार अवघड जाईल तुम्हाला.

ओपीडीतली_मावशी
मी 22 वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर जावं आणि खाली घसरू नये म्हणून. झडप सैल पडली की रक्त खाली साचतं, शीर फुगते, आणि त्या दाबाने आजूबाजूला जाळी उमटते. इंजेक्शनचं औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू जिरवून टाकतं, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी जातं. पण मांडीतल्या मुख्य शिरेची झडप गळत असेल आणि तुम्ही नुसती खालची जाळी मारलीत तर वर नळ चालू ठेवून खालची फरशी पुसल्यासारखं होतं, जाळी परत येणारच. म्हणून फुगलेली शीर असेल तर डॉपलर हवंच, आणि ते उभं करून व्हायला हवं. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते बघतात, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर झडप गळतेय. झोपवून पाच मिनिटांत केलेलं डॉपलर मी तरी धरत नाही.

मोठ्या शिरेसाठी औषधाचा फेस करतात, एक भाग औषध चार भाग हवा, दोन सिरिंजमधून इकडून तिकडे ढकलून. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि भिंतीला चिकटून राहतो म्हणून कमी औषधात काम होतं. मुख्य शीरच गळत असेल तर बहुतेक वेळा आधी लेसर किंवा आरएफ म्हणजे रेडिओलहरी (दोन्हीत उष्णतेने शीर आतून बंद करतात) आणि उरलेल्याला फेस. गरोदर असाल, आधी कधी पायात गुठळी झाली असेल किंवा अर्धशिशी असेल तर आधी सांगा, फेसानंतर थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होऊ शकतं. आणि नंतर पोटरी एकदम सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक कॅज्युअल्टी.

सिंहगडरोडचा_मुलगा
आमच्या आईचं पोळी-भाजी केंद्र होतं, वीस वर्षं शेगडीपुढे उभी. शिरा फुगल्या तेव्हा वयाने होतं म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं, मीपण. मग घोट्याच्या वर कातडी काळी पडली, खाज, आणि एक दिवस जखम झाली ती सात महिने भरली नाही. शेवटी वरची गळणारी शीर बंद केली तेव्हा कुठे भरत आली. ताई तुमचे गोळे आणि पाय भरून येणं हे फक्त दिसण्यापुरतं नाहीये, पॅकेजवाल्याकडे नका जाऊ, व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा प्लीज. मेडिक्लेमलाही आधीच विचारून घ्या, नुसत्या दिसण्यासाठीचं इंजेक्शन ते सहसा धरत नाहीत, पण डॉपलरमध्ये दोष निघाला तर गोष्ट वेगळी असते.

खडूफळा_कोथरूड
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, आज डॉपलर करून आले. डाव्या पायाची मुख्य शीर मांडीपासूनच गळतेय. उजवा पाय ठीक आहे, तिथे नुसती जाळीच आहे. डावीकडे सुट्टीत आरएफ करायचं ठरलं, उरलेल्याला नंतर फेस, आणि उजव्या पायाची इंजेक्शनं दिवाळीनंतर थंडीत. मोजे क्लास 2 चे (ही दाबाची पातळी) सांगितलेत. मावशी, माप कधी द्यायचं?

ओपीडीतली_मावशी
सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत. घोटा, पोटरी, मांडी तिन्हीकडे टेप लावून घ्या, नुसत्या चपलेच्या नंबरवर घेऊ नका. आणि दोन जोड घ्या, मे महिन्यात रोज धुवावे लागतील.