राजेंद्रनगर की विजयनगर? दोन्हीकडे राहिलेल्यांनो, अनुभव सांगा

एबी रोडची प्रवासी

नमस्कार मंडळी. आमच्या घरात गेले चार महिने एकच विषय चालू आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचं घर इंदूरच्या राजेंद्रनगरात. सासऱ्यांनी १९८३ साली बांधलेलं. पुढे अंगण, मागे हौद, वर दोन खोल्या. नवऱ्याचं आणि माझं ऑफिस मात्र विजयनगरला. मध्ये अकरा-बारा किलोमीटर एबी (आग्रा-बॉम्बे) रोड. पावणेनऊला निघाले तर पन्नास मिनिटं, सव्वानऊला निघाले तर सव्वा तास. संध्याकाळचं तर विचारूच नका. घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि मुलीशी नीट बोलायचंही त्राण उरत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, घर भाड्यानं देऊ आणि विजयनगरच्या एखाद्या मल्टीत जाऊ. (बाहेरच्यांसाठी: इंदुरात अपार्टमेंटला मल्टी म्हणतात.) सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि मग दोन दिवस कमी बोलतात.

फ्लॅटचे भाव आणि स्क्वेअर फूट दलाल सांगतोच. तुमच्याकडून मला एक साधा मंगळवार हवा आहे. सकाळी नळ येण्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत या दोन्ही ठिकाणी दिवस कसा जातो, ते लिहा.

कॅटकाका

मी १९८६ साली इंदुरात आलो. कॅटचं, म्हणजे सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या संशोधन संस्थेचं, काम सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. आता त्याचं नाव राजा रामण्णा केंद्र आहे, पण राजेंद्रनगरात रिक्षावाल्याला अजून 'कॅट'च सांगावं लागतं. निवृत्तीनंतर राजेंद्रनगरातच घर घेतलं. पुढे मुलाच्या आग्रहानं विजयनगरच्या स्कीम ७४ मध्ये दोन वर्षं राहिलो आणि परत आलो.

आधी तिकडचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आयडीएनं (इंदूर विकास प्राधिकरणानं) आखलेल्या स्कीम असल्यामुळे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. डॉक्टर, औषधं, बँक, दातांचा दवाखाना, सगळं चालत दहा मिनिटांत. मेघदूत उपवनात सकाळी फिरायला इतकी जागा की गुडघे दुखणाऱ्या माणसालाही बरं वाटावं. इकडे फिरायचं तर आम्ही पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्ककडे जातो. तलाव सुंदर आहे, पण तिथवर जायला एबी रोड ओलांडावा लागतो, आणि मंडीकडे जाणारे ट्रक पहाटेपासून चालू असतात.

परत का आलो? बायकोमुळे. तिनं एकदाही तक्रार केली नाही. आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून होता. डिसेंबरातल्या मालव्याच्या थंडीत ऊन घरात यायचंच नाही, आणि गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. राजेंद्रनगरात थंडीभर ती दुपारी गच्चीवर असायची. उन्हात खाट टाकून मेथी निवडायची, शेजारच्या गच्चीवरच्या वहिनींशी बोलायची, मार्चमध्ये कुरडया घालायची. तिकडे दोन थंड्या तिनं खिडकीपाशी शाल गुंडाळून काढल्या. दुसऱ्या मार्चमध्ये मी बाजारातून कुरडयांचं पाकीट आणलं. तिनं ते हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. त्या आठवड्यात मी मुलाला फोन केला.

ताई, फ्लॅट पाहाल तेव्हा ऊन कुठल्या खोलीत आणि किती वाजता येतं ते विचारा. दलाल हे सांगत नाही.

स्कीम ५४

कॅटकाका, तुमचं वाचून आईची आठवण झाली, जरी ती आत्ता शेजारच्याच खोलीत आहे.

मी दुसरी बाजू लिहिते, कारण ती माझी आहे. मी राजेंद्रनगरात वाढले. २०११ मध्ये वडील गेल्यावर आई आणि मी विजयनगरला आलो. माझी नोकरी शिफ्टची. रात्री साडेदहा-अकराला घरी येते. इथे त्या वेळीही रस्त्यावर उजेड असतो, दुकानं उघडी असतात, बायका स्कूटीवरून जात-येत असतात. मला एकदाही भीती वाटलेली नाही.

राजेंद्रनगरात भीती नव्हती, पण फाटकं होती. प्रत्येक फाटकात एक काकू. "आज उशीर झाला?" हे त्या मायेनं विचारायच्या, मला माहीत आहे. पण वयाच्या २६ व्या वर्षी रोज चार फाटकांना उत्तर द्यायचं, लग्नाचं काय ठरलं ते सांगायचं, घरी आलेल्या सहकाऱ्याची ओळख करून द्यायची, यानं जीव थकतो. इथे माझ्या मजल्यावर एक सिंधी कुटुंब आहे, एक जैन, आणि एक केरळचं जोडपं. गरज पडली तर तिघंही धावून येतात, एरवी मला माझ्यासारखं राहू देतात. मी इथे श्वास घेते, असंच म्हणेन.

आईचं वेगळं आहे. ती दुपारी एकटी असते. बुधवारी खजराण्याच्या गणपतीला रिक्षानं जाते, तो तिचा आठवड्याचा मोठा दिवस. चौदा वर्षांत तिच्या इथल्या मैत्रिणी झाल्या दोन, आणि त्यांच्याशी ती हिंदीत बोलते. परवा म्हणाली, "हिंदीत मी शहाणी वाटते गं, पण गंमत करता येत नाही." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

तीन मल्ट्या बदललेली

पाण्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. इंदुरात घर म्हणजे आधी पाणी.

आमच्या वडिलांच्या पिढीनं नर्मदेसाठी १९७० मध्ये आंदोलन केलं. १९७८ साली जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढवून ते पाणी शहरात आलं. अजूनही ते एक दिवसाआडच येतं. म्हणून जुन्या घरांत हौद असतो. राजेंद्रनगरच्या माहेरी नळाची वेळ झाली की कुणीतरी उठतं, हौद भरतो, मोटर लावून टाकी भरते, झालं. पाणी आलं नाही तर ते सगळ्या ओळीला एकदमच कळतं.

मल्टीत हौद सगळ्यांचा मिळून असतो. पहिल्या मल्टीत २४ कुटुंबं होती आणि हौद चौघांच्या घराला पुरेल असा. बाकी सगळा भार बोरिंगवर. एप्रिल संपता संपता बोरिंग हवा टाकायला लागायचं, मग टँकर, मग टँकरच्या पैशावरून मीटिंग, मग मीटिंगमध्ये भांडण. 'डग डग रोटी, पग पग नीर' असं मालव्याचं वर्णन लहानपणापासून ऐकत आलेय. पावलापावलावर पाणी असलेल्या त्या भूमीत आता पाचशे-सहाशे फुटांवरही खात्री नाही, याचं मला मनापासून दुःख होतं. आपणच उपसलं आहे ते.

दुसऱ्या मल्टीत नर्मदेची जोडणी आहे असं सांगितलं होतं. राहायला गेल्यावर कळलं की अर्ज केलेला आहे. तिसरी चांगली निघाली, कारण तोवर आम्ही शहाणे झालो होतो. जोडणीचं बिल मागून पाहिलं, हौदाचं झाकण उघडून पाहिलं, आणि तळमजल्यावरच्या बाईंना गाठून विचारलं की गेल्या मे महिन्यात किती टँकर आले. ताई, हे तिन्ही करा. विजयनगर असो की आणखी कुठे.

बसवाला

राजेंद्रनगर ते विजयनगरजवळचा सत्यसाई चौक, रोज. २०१३ मध्ये बीआरटीएस (बससाठी राखीव लेन) सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. राजीव गांधी चौराह्यावर आय-बस पकडायची, भंवरकुआ, नवलखा, गीता भवन, पलासिया करत थेट विजयनगर. आपली लेन वेगळी, त्यामुळे बाजूच्या गाड्या अडकल्या तरी बस चालायची. ताई, तुमचा सव्वा तास मी त्या काळी पस्तीस-चाळीस मिनिटांत केलाय. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती लेन तोडायला सुरुवात झाली. गाडीवाल्यांना आनंद झाला. माझी बस आता त्यांच्याच गर्दीत उभी असते. मला ती लेन हवी होती.

मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पण सुरुवातीला सुपर कॉरिडॉरवरच्या सहा किलोमीटरपुरती. आखलेला गोल मार्ग विजयनगरवरून जातो, राजेंद्रनगरवरून नाही. वीस वर्षांचा विचार करत असाल तर हे लक्षात घ्या. आमच्या वाट्याला महूची गाडी आहे, आणि ती मला फार आवडते, पण ती विजयनगरला नेत नाही.

भिया

सकाळचे पोहे दोन्हीकडे मिळतात, कचऱ्याची गाडी दोन्हीकडे वेळेवर येते, त्यावरून भांडू नका. फरक पार्किंगचा आहे. विजयनगरला आमच्या मल्टीत फ्लॅटमागे एक गाडी, पाहुणा आला की मी खाली जाऊन उभा राहून राहिलो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, २२ वर्षं झाली. वृद्धांच्या बाबतीत लोक पहिला प्रश्न विचारतात की मोठं हॉस्पिटल जवळ आहे ना. दोन्हीकडे आहे. राजेंद्रनगरला चोइथराम, विजयनगरच्या बाजूला बॉम्बे हॉस्पिटल. रस्त्यावरच्या पाच-दहा मिनिटांच्या फरकानं बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडतं ते घरातून गाडीपर्यंत.

पुष्कळ मल्ट्यांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही. रुग्णाला खुर्चीत बसवून आणावं लागतं, आणि कंबरेचं हाड मोडलेलं असेल तर ते बसवणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. दिवे गेले आणि जनरेटर फक्त जिन्यापुरता असेल तर चार मजले. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांना आम्ही तिसऱ्या मजल्यावरून चादरीत घालून उतरवलं. खाली यायला अठरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होते, सवयीनं.

राजेंद्रनगरातल्या बैठ्या घरात मामेसासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा समोरच्या काकांनी आरडाओरडा ऐकला, भिंतीवरून उडी मारून आत आले, दारच मोडलं. पण हेही सांगते, ते काका आज स्वतः ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांची मुलं बंगळूरला. ओळीतल्या नऊ घरांपैकी पाचांत म्हातारी माणसं एकेकटी आहेत. आता भिंतीवरून उडी कोण मारणार? जुनी वस्ती म्हणजे आधार, हे आपण धरून चालतो. रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येईल, ते खरोखरच मोजून पाहा.

एबी रोडची प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा धागा काल रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. सकाळी नातीला म्हणाल्या, मलाही लिहायचंय. त्या सांगत गेल्या, तिनं टाइप केलं. जसंच्या तसं देते.

"मी राजेंद्रनगरात आले तेव्हा ३६ वर्षांची होते. त्याआधी रामबागेत भाड्याच्या दोन खोल्या. वाडा माणसांनी भरलेला. इथे आले तर आमच्या ओळीत तीनच घरं. बाकी प्लॉट, बाभळी आणि अंधार. हे सकाळी जायचे, मुलगा शाळेत. दुपार खायला उठायची. मी वर्षभर दर गुरुवारी टेम्पोनं रामबागेत जायची आणि रडून परत यायची. तुम्ही आज म्हणता राजेंद्रनगरात आपली माणसं आहेत. ती तेव्हा नव्हती. पहिल्या दिवाळीला मी फराळाची दोनच ताटं दिली, कारण घरंच दोन. पुढे एकवीस ताटं जायची. आता अकरा.

एकदा हे सगळं मी केलेलं आहे, त्यामुळे त्याला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे तेवढी नाहीत. पण रोज साडेसातला सूनबाई दारात चपला काढते तेव्हा तिचा चेहरा मला दिसतो. म्हणून मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते. रुसून नाही म्हणत.

एक मात्र आहे. मला फ्लॅट दाखवायला रविवारी संध्याकाळी नेलं होतं. सगळे दिवे लागलेले, मुलं खाली खेळत होती, सगळं छानच दिसणार. मला एखाद्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता न्या. तासभर बसू द्या. तुम्ही बोलू नका. मग मी सांगेन."

मी येत्या मंगळवारी रजा टाकली आहे. फ्लॅट तळमजल्यावरचा आहे, हौद पाहून ठेवला आहे, ऊन किती वाजता येतं ते परवा कळेल. स्कीम ५४, एक विचारू? तुमची आई दुपारी घरी असते असं तुम्ही लिहिलंय. साडेतीनच्या सुमारास आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ का?

स्कीम ५४

नक्की या. मी कामावर असेन, पण आई आहे. तिला सांगितलं तर लगेच विचारायला लागली, चहात साखर चालते ना, आणि रामबागेत कुठल्या वाड्यात होत्या म्हणे?