शब्दचर्चा : 'स्वसंरक्षण' म्हणावं की 'बचाव'? आणि 'डेडली फोर्स'चं काय करावं?

कोपरीकर

आमच्या भागातल्या काही सोसायट्यांच्या सुरक्षा रक्षकांसाठी पानभर मराठी मजकूर तयार करतोय. पार्किंगवरून, गेटवर गाडी थांबवली म्हणून, डिलिव्हरीच्या मुलाला लिफ्ट नाकारली म्हणून रोज बाचाबाची होते आणि बघता बघता प्रकरण हातघाईवर येतं. अशा वेळी रक्षकाने स्वतःला कसं आणि किती वाचवावं, हे त्यात सांगायचंय. हाती आलेला इंग्रजी मजकूर अमेरिकेतला दिसतो. 'सेल्फ डिफेन्स' आणि 'डेडली फोर्स' हे शब्द त्यात ओळीओळीला आहेत. सध्या 'स्वसंरक्षण' आणि 'प्राणघातक बळ' असं लिहून ठेवलंय. कच्चा मजकूर वाचून एका रक्षकाने विचारलं, "साहेब, म्हणजे समोरच्याने आधी हात टाकला की आपण काठी चालवायची ना?" हा अर्थ कुणीही काढता कामा नये. नेमके कोणते शब्द घ्यावेत?

कोर्टनाका

'प्राणघातक बळ' आधी काढून टाका. ते वाचलं की असं काही बळ असतं आणि ठरावीक वेळी ते वापरायची मोकळीक मिळते, असं वाटतं. आपल्या कायद्यात तसं वेगळं खातं नाहीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातली ३४ ते ४४ ही कलमं या विषयाची. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती, आशय बहुतांशी तोच. तिथे प्रश्न असा मांडलाय की बचावाचा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत कधी पोचतो. शरीरावरच्या हल्ल्यापुरतं त्याचं उत्तर कलम ३८ मध्ये आहे. आता मरतो किंवा जबर जखमी होतो अशी वाजवी धास्ती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या, अनैसर्गिक कृत्याच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूने केलेला हल्ला, सुटकेसाठी सरकारी यंत्रणेपर्यंत पोचताच येणार नाही असं डांबून ठेवण्यासाठी केलेला हल्ला, आणि ॲसिड फेकणं किंवा पाजणं. ॲसिडचा प्रसंग २०१३ च्या दुरुस्तीने आला. पार्किंगची जागा या यादीत नाही. कट मारणं नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवीसुद्धा नाही.

आता 'स्वसंरक्षण'. या शब्दाला माझे दोन आक्षेप आहेत. पहिला 'स्व'वर. कलम ३५ स्वतःच्या शरीराइतकाच दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करायचा हक्क देतं. गेटवर कुणी दारुडा एखाद्या म्हाताऱ्या बाईंचा गळा धरत असेल आणि रक्षकाने त्याला ढकलून पाडलं, तर त्यात 'स्व' कुठे आहे? तरी कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. 'स्वसंरक्षण' वाचून रक्षक असा अर्थ घेईल की स्वतःवर आलं तरच हात उचलायचा.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. 'संरक्षण' ही टिकून राहणारी स्थिती वाटते. पोलीस संरक्षण असतं, संरक्षण खातं असतं. 'बचाव' ही कृती आहे. ती सुरू होते आणि संपते. कलम ४० नेमकं हेच सांगतं. धोक्याची वाजवी धास्ती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, त्यासाठी पहिला फटका खाऊन घ्यायची गरज नाही. आणि धास्ती असेपर्यंतच तो टिकतो. तुमच्या रक्षकाचा प्रश्न इथेच घसरला. 'आधी कुणी हात टाकला' हे तो विचारतो. त्याने विचारायला हवं की या क्षणी धोका आहे का.

एक प्रसंग धरा. माणूस डिकी उघडतो, चाक खोलायची टॉमी काढतो आणि डोक्याच्या रोखाने उगारून रक्षकाच्या अंगावर येतो. रक्षक त्याच्या मनगटावर काठी हाणतो. टॉमी खाली पडते. इथपर्यंत सगळा बचाव आहे, मनगटाचं हाड मोडलं तरीही. आता टॉमी जमिनीवर आहे, रक्षकाने ती पायाने मागे सारलीय, आणि तो माणूस मनगट धरून गाडीकडे पळतोय. रक्षक दोन पावलं त्याच्या पाठीमागे धावत जाऊन त्याच्या डोक्यात आणखी एक फटका घालतो. हा दुसरा फटका बचाव नाही. माणूस तोच, काठी तीच, मध्ये फार तर दोन श्वास गेलेत. पण तो माणूस दगावला, तर रक्षकावर थेट कलम १०३ लागू शकतं, म्हणजे खून.

मराठीत या दोन फटक्यांसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत, ती वापरा. पहिल्यासाठी रोखणं, अडवणं, परतवणं, सोडवून घेणं. दुसऱ्यासाठी उट्टं काढणं, वचपा काढणं, हिशेब चुकता करणं. रक्षकाला 'वचपा काढू नका' म्हटलं की एका शब्दात कळतं.

वाशीकर काका

कोर्टनाका, पटतंय, पण 'बचाव'ही निर्धोक नाही. 'आरोपीचा बचाव', 'बचाव पक्षाचे वकील' हे आपण पेपरात वाचतो. शिवाय शाळाशाळांत मुलींना 'स्वसंरक्षणाचे धडे' देतात. रुळलेला शब्द टाकून दुसरा आणला, तर वाचणारा अडखळेल.

कोर्टनाका

काका, वर्गाचं नाव 'स्वसंरक्षण' राहू द्या, ते विद्येचं नाव आहे. प्रत्यक्ष कृतीबद्दल लिहिताना 'बचाव' घ्या. कायद्याच्या मराठीतही 'खाजगीरीत्या बचाव करण्याचा हक्क' असंच म्हणतात. त्यातल्या 'खाजगी'ने सामान्य माणूस गोंधळतो, म्हणून पत्रकात नुसता 'बचावाचा हक्क' पुरे.

आणि कोर्टातला बचावही या विषयाला येऊन मिळतो. 'मी बचावात मारलं' हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे. दिलासा एवढाच, की सरकार पक्षासारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तसं घडल्याची शक्यता जास्त वाटली तरी चालतं. गेटवरचा कॅमेरा चालू आहे का, हे रक्षकाने रोज बघावं असं मी म्हणतो ते याचसाठी.

लोकलवाली, सानपाडा

'स्व' काढायच्या बाजूने माझं एक मत. आपल्याकडे 'मध्ये पडणे' हा वाक्प्रचार लोक भांडण सोडवण्यासाठीही वापरतात आणि नाक खुपसण्यासाठीही. हार्बरच्या फलाटावर कुणी मुलीचा हात धरला तर आजूबाजूचे म्हणतात, "आपण कशाला मध्ये पडा, नसतं लफडं." कायदा दुसऱ्याच्या बचावाचाही हक्क देतो, हे किती जणांना ठाऊक आहे? पत्रकात हे वाक्य ठळक छापा. त्या एका वाक्याने दोन माणसं जरी पुढे आली, तरी कुणाचा तरी जीव वाचेल.

घोडबंदर रोड

अमेरिकेतला 'स्टँड युवर ग्राउंड'वाला नियम आपल्याकडे आहे का? व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतात, लोक तोच कायदा समजून बोलतात. माजिवड्याच्या सिग्नलला गाडीला गाडी घासली, की दोघंही उतरून पाय रोवून उभे!

कोर्टनाका

तो तिकडचा नियम. फ्लोरिडाने २००५ मध्ये केला. सार्वजनिक जागी हल्ला झाला तर आधी मागे हटण्याचं बंधन त्याने काढलं. तिकडे पिस्तूल बाळगणारे पुष्कळ, त्यामुळे 'डेडली फोर्स'भोवती एवढा कायदा उभा राहिला.

आपल्याकडे दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. अंगावर हल्ला आला असताना सभ्य माणसाने भेकडासारखं पळावं अशी अपेक्षा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात म्हटलंय. पण कलम ३७ असंही सांगतं की पोलिसांचं संरक्षण मिळवायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही, आणि असला तरी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. दोघं काचा खाली करून पाच मिनिटं एकमेकांना शिव्या घालतात, मग ठरवून उतरतात. त्या पाच मिनिटांत ११२ फिरवता आला असता. पुढे जे होतं त्याला बचाव म्हणता येत नाही. दोघंही मारायच्याच इराद्याने भिडले, तर न्यायालयं बचावाचा मुद्दा सहसा ऐकत नाहीत, ज्याने जे केलं त्याचं ते भोगायचं. 'पाय रोवून उभे राहा' हे भाषांतर पत्रकात येऊ देऊ नका.

शिवीवरून अजून एक जोडी सांगतो, 'हल्ला' आणि 'हमला'. बोलताना आपण प्रत्यक्ष मारलं की 'हल्ला' म्हणतो. कायद्यातला हमला त्याआधीच पुरा होतो. मूठ उगारली, दगड रोखला, समोरच्याला आता पडणार असं वाटलं, की झाला. संहितेचं कलम १३० बघा. त्याच कलमाखाली स्पष्ट लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. उगारलेल्या हाताला बचाव आहे, शिवीला नाही. शिवी ऐकून ज्याचा हात सुटतो, कायद्याच्या नजरेत पहिला हात त्याचा असतो.

ऐरोलीकर

मला पेपरांबद्दल बोलायचंय. 'किरकोळ वादातून तरुणाचा खून', 'क्षुल्लक कारणावरून डोक्यात पेव्हर ब्लॉक घातला'. वर्षानुवर्षं तेच शब्द. वाद किरकोळ होता हे खरं, पण 'किरकोळ वादातून' म्हटलं की खून जणू त्या वादातून आपोआप उगवला. मध्ये कुणीतरी वाकून ब्लॉक उचलला, तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला, तेवढ्या वेळात त्याला थांबता येत होतं.

दुसरा शब्द 'चोप'. 'मोबाइल चोराला प्रवाशांनी चोप दिला.' वाचताना बरं वाटतं. पण चोर पकडून खाली बसवल्यावर त्याच्यापासून कुणालाच धोका नाही. त्यानंतरची प्रत्येक लाथ गुन्हाच आहे. 'चोप' आईने मुलाला द्यायचा शब्द आहे, तो जमावाच्या मारहाणीला लावला की मारहाण घरगुती वाटायला लागते. बातमीत 'मारहाण' लिहा, सरळ.

कोर्टनाका

ऐरोलीकर, शंभर टक्के. याच जातीचा शब्द आहे 'किरकोळ मार'. दात पडला, बोट फ्रॅक्चर झालं, तरी पोलीस ठाण्यात लोक सांगतात "किरकोळ मार आहे". कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणं ही जबर दुखापत आहे. माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला रोजची कामं करता आली नाहीत, तरीही. जुन्या संहितेत ही मुदत वीस दिवस होती. जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एका ठोशाने दात पडतो, हे रक्षकांना सांगाच.

आणि बचाव करताना माणूस हद्द ओलांडतो, त्यासाठीही शब्द द्या : 'अतिरेक'. चांगल्या हेतूने, आधी काही न ठरवता, बचावातच हात जास्त पडला आणि समोरचा गेला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो. कलम १०१ चा दुसरा अपवाद. सुटका मात्र नाही. कलम १०५ खाली हेतू होता की नुसती जाणीव, यावर शिक्षा ठरते आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. 'चुकून झालं' हा शब्दप्रयोग तिथे कामाला येत नाही.

कोपरीकर

सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय, बघा :

"आपल्यावर किंवा दुसऱ्या कुणावर हल्ला झाला, किंवा होणार अशी वाजवी धास्ती वाटली, तर बचाव करण्याचा हक्क आपल्याला आहे. धोका टळेल एवढंच करावं. समोरचा थांबला, पळाला, पडला किंवा त्याच्या हातचं हत्यार सुटलं की आपणही थांबावं. शिवीगाळ झाली म्हणून हात उचलू नये. वचपा काढू नये. पोलिसांना ११२ वर कळवावं."

'धास्ती' ठेवू की 'भीती'?

लोकलवाली, सानपाडा

'धास्ती'च. भीती अंधाराचीही वाटते, धास्ती समोर काहीतरी असतं त्याची.

कोर्टनाका

'धास्ती' ठेवा. दोन दुरुस्त्या. 'पडला' एकटं नको, पडलेला माणूस कधीकधी पडल्या पडल्या चाकू काढतो. 'पडून निपचित राहिला' करा. आणि ११२ चं वाक्य शेवटून उचलून सगळ्यात वर न्या : "बाचाबाची सुरू होताच, हातघाईवर येण्याआधी, ११२ ला फोन करावा." ते खाली राहिलं तर मारामारी उरकल्यावर करायचं काम वाटेल.