'इष् रूफं डिष् मॉर्गन आन' : शेवटी लटकलेल्या 'आन'चं काय करायचं?

प्रश्न

नुकतीच जर्मन शिकायला लागले आहे. ऐकण्याच्या पाठात एक साधं वाक्य आलं : 'इष् रूफं डिष् मॉर्गन आन'. अर्थ दिला होता, 'मी तुला उद्या फोन करते'. इष् म्हणजे मी, डिष् म्हणजे तुला, इथवर ठीक. पण कोशात 'रूफन' पाहिलं तर 'हाक मारणे, ओरडणे'. 'आन' पाहिलं तर 'कडे, जवळ, लगत' असं काहीबाही. यात फोन कुठे आहे? शिवाय मॉर्गन म्हणजे सकाळ ना? आणि याच वाक्याला 'वाइल' (कारण) जोडलं की सगळी उलथापालथ होते : 'वाइल इष् डिष् मॉर्गन आन्रूफं'. हे कोणत्या हिशेबाने?

उत्तर

फोन 'रूफं'मध्येही नाही आणि 'आन'मध्येही नाही. कोशात 'आन्रूफन' हा शब्द काढा, तिथे सापडेल. अशा क्रियापदांचा उपसर्ग साध्या विधानात सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. म्हणून ऐकताना वाक्य संपेपर्यंत अर्थाची घाई करू नये. 'इष् रूफं डिष्' एवढ्यावर थांबलात तर 'मी तुला हाक मारते' असं होईल.

आन्रूफन हा शब्द फोनपेक्षा जुना आहे. देवाचा धावा करणं, न्यायालयाकडे दाद मागणं यालाही आन्रूफनच म्हणतात. एखाद्याच्या दिशेने हाक, अशी कल्पना. संस्कृतातल्या आ + ह्वे, आह्वान, याची घडण अशीच आहे. (मराठीत त्याचं 'आव्हान' होऊन ते दंड थोपटायला लागलं, ती चर्चा पुन्हा केव्हातरी.)

मॉर्गन हे नाम असेल तर सकाळ, क्रियाविशेषण असेल तर उद्या. लिहिताना नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं म्हणून फरक दिसतो. देवनागरीत ती सोय नाही. 'सकाळी' म्हणायचं तर 'आम मॉर्गन'. 'उद्या सकाळी'साठी मॉर्गन दोनदा म्हणत नाहीत, 'मॉर्गन फ्र्यू' म्हणतात. फ्र्यू म्हणजे लवकर.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल, कारण ती खटकतच नाही. गोष्ट उद्याची, क्रियापद मात्र वर्तमानकाळी. आपणही 'उद्या फोन करते' असंच म्हणतो. जर्मनमध्ये भविष्यकाळाचं रूप आहे, पण 'उद्या' हा शब्द असताना बोलताना ते सहसा कोणी वापरत नाही. करतो-करते हा भेद मात्र 'रूफं'ला नाही.

आता उलथापालथीकडे. माझं स्पष्ट मत असं की मराठी माणसाला हे वाक्य शिकवताना सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी 'इष् रूफं डिष् मॉर्गन आन' शिकवतात, मग 'वाइल'सारखा शब्द आला की क्रियापद शेवटी फेका, असा नियम देतात. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला तो क्रम सोयीचा. आपण उलट जावं. 'वाइल'नंतरचा तुकडा मराठीशेजारी ठेवून पाहा :

इष् – डिष् – मॉर्गन – आन्रूफं
मी – तुला – उद्या – फोन करते

शब्दाला शब्द जुळतो, आणि 'आन'सुद्धा आपल्या घरी परत आलेला आहे. पुढेही जुळत राहतं. 'मी तुला काल फोन केला आहे' हे 'वाइल'नंतर येतं तेव्हा '...इष् डिष् गेस्टर्न आन्गेरूफन हाबं'. आन्गेरूफन म्हणजे 'फोन केला', हाबं 'आहे'च्या जागी. 'फोन करावा लागतो' म्हणायचं तर 'आन्रूफन मुस'. सहायक क्रियापद मुख्य क्रियापदाच्या मागे, आपल्यासारखंच.

म्हणजे क्रियापदाची मूळ जागा शेवटची आणि साध्या विधानात ते पुढे सरकतं, असं मानलं की कोडं सुटतं. ही माझी युक्ती नाही. भाषावैज्ञानिक एमन बाख यांनी १९६२मध्ये जर्मनचा मूळ क्रम क्रियापद शेवटी असलेलाच आहे अशी मांडणी केली आणि नंतर अनेकांनी ती उचलली. साध्या विधानात कर्त्याप्रमाणे रूप बदललेलं क्रियापद उठून दुसऱ्या जागेवर येतं. उपसर्ग, कृदन्त, जे काही उरतं ते मागेच राहतं. 'वाइल' आला की पुढची जागा तो अडवतो, क्रियापदाला हलता येत नाही. एवढाच हिशेब.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. 'मॉर्गन रूफं इष् डिष् आन' म्हटलं की 'उद्या' पहिल्या जागी आणि 'मी' क्रियापदाच्या मागे. अख्खं उपवाक्यही पहिली जागा घेतं. 'घरी पोचले की फोन करते' याचं 'वेन इष् नाख हाउझं कॉमं, रूफं इष् डिष् आन'. यात 'कॉमं' आणि 'रूफं' ही दोन क्रियापदं एकमेकांना खेटून येतात. एक आपल्या उपवाक्याच्या शेवटी, दुसरं मुख्य वाक्याच्या दुसऱ्या जागी. हे वाक्य जिभेवर बसलं तर निम्मं काम झालं. प्रश्नात आणि आज्ञेत क्रियापद थेट पहिलं : 'रूफ्स्ट डू मिष् मॉर्गन आन?', 'रूफ मिष् आन!'

पुढे गेलेलं क्रियापद आणि मागे राहिलेला तुकडा यांच्या या जोडीला जर्मन व्याकरणात 'झात्स्क्लामर', म्हणजे वाक्याचा कंस, म्हणतात. वाक्याची क्षेत्रं पाडण्याची कल्पना जर्मन अभ्यासक एरिष ड्राख यांनी १९३७मध्ये मांडली; तिच्यातूनच पुढे कंसाच्या आधीचं, आतलं आणि नंतरचं, असा आजच्या पाठ्यपुस्तकांतला तीन क्षेत्रांचा आराखडा आला.

उपप्रश्न

कळलं. पण मग बोलताना लोक 'वाइल'नंतर सरळ 'वाइल इष् रूफ डिष् मॉर्गन आन' म्हणताना ऐकलेत. ते चूक का? आणि 'डिष्'च का, 'डीर' का नाही? तुला म्हणजे चतुर्थी ना?

उत्तर

बोलण्यात सर्रास आहे, परीक्षेत आणि लेखी मजकुरात चूक धरतात. 'कारण'साठी 'डेन' हा दुसरा शब्द आहे. तो जागा अडवत नाही, त्याच्यापुढे साधं विधान जसंच्या तसं येतं. बोलणारे 'वाइल'ला 'डेन'सारखं वागवतात, इतकंच.

'तुला'चा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिथे मराठी मदत करत नाही, उलट घात करते. 'तुला पाहते', 'तुला फोन करते', 'तुला मदत करते', सगळीकडे आपला एकच 'ला'. जर्मन क्रियापद मात्र स्वतः ठरवतं. आन्रूफनला द्वितीया लागते, म्हणून डिष्. हेल्फन (मदत करणे) ला चतुर्थी, म्हणून 'इष् हेल्फं डीर'. तर्क लढवू नका, क्रियापदासोबत विभक्ती पाठ करा. ऑफिसात किंवा अनोळखी माणसाशी 'तुम्हाला' म्हणायचं तेव्हा 'इष् रूफं झी मॉर्गन आन'.

आणखी एक प्रतिसाद

स्वित्झर्लंडकडच्या आणि नैर्ऋत्य जर्मनीतल्या बोलण्यात 'इष् रूफं डीर आन' ऐकू येतं. तिथे चतुर्थीच चालते. प्रमाण जर्मनमध्ये नाही, त्यामुळे परीक्षेच्या पेपरात तिकडचा दाखला देऊन गुण मिळणार नाहीत.

आणखी एक प्रतिसाद

वर आह्वानचा विषय निघालाच आहे म्हणून. उपसर्ग धातूपासून सुटणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि' असं आहे. 'उप' अगदी सुरुवातीला, त्याचं क्रियापद 'एमसि' पार शेवटी, मधे अग्नी, रोजचा दिवस, आम्ही आणि नमस्कार. जर्मनमध्ये क्रियापद पुढे आणि उपसर्ग मागे, इथे नेमकं उलट. पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी येतात असं सांगून (१.४.८०) लगेच पुढच्या दोन सूत्रांत सूट दिली : वेदात ते नंतरही येतात आणि मधे अंतर ठेवूनही येतात, 'छन्दसि परेऽपि', 'व्यवहिताश्च'. पुण्यात ज्यांच्या नावाच्या भवनात लोक जर्मन शिकतात, त्या माक्स म्युलरांनी ऋग्वेद सायणभाष्यासह संपादित केला होता, हे जाता जाता.

आणि मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, हा प्रकार भारतातही आहे. काश्मिरीत.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. शेवटची शंका : कोणता उपसर्ग सुटतो हे ओळखायचं कसं? आणि 'सहायक क्रियापद मागे' याला अपवाद?

उत्तर

अपवाद आहे. 'मला तुला फोन करावा लागला' याचं भूतकाळी रूप 'वाइल'नंतर '...इष् डिष् हाबं आन्रूफन म्युसन'. 'आन्रूफन' आणि 'म्युसन' ('मुस'चं मूळ रूप) अशी दोन मूळ रूपं एकत्र आली की 'हाबं' उडी मारून त्यांच्या आधी येतं. याला मराठीचा आधार नाही. सुरुवातीला इथे न अडकता पुढे जा.

सुटणारा उपसर्ग आघातावरून, म्हणजे उच्चारताना जोर कुठे पडतो त्यावरून, ओळखा. आघात उपसर्गावर असेल तर तो सुटतो : आन्रूफन. बे-, फेर-, एर-, एन्ट-, त्सेर- हे कधीच सुटत नाहीत, त्यांच्यावर आघातही नसतो. गंमत अशा शब्दांची की जे दोन्ही तऱ्हांनी चालतात. 'उमफारन' घ्या. आघात 'उम'वर असेल तर गाडीने धडक देऊन आडवं करणं : 'इष् फारं ईन उम'. आघात 'फा'वर असेल तर त्याला वळसा घालून जाणं : 'इष् उमफारं ईन'. भूतकाळी कृदन्तातही फरक पडतो. पहिल्याचं 'उमगेफारन', मधे 'गे' घालून; दुसऱ्याचं नुसतंच 'उमफारन'.