प्रेक्षक इतका भोळा नसतो

'माध्यमं जे वाढतात ते लोक मुकाट गिळतात, मग मालिका-सिनेमांचा अभ्यास कशाला?' असं बरेच जण विचारतात. हा मुद्दा नवा नाही. जर्मन विचारवंत अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांनी १९४०च्या दशकात 'संस्कृती उद्योग' (म्हणजे कारखान्यातल्या मालासारखी तयार होणारी करमणूक) म्हणत जवळपास हेच मांडलं होतं. १९७३मध्ये ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी त्याला छेद दिला: पाठवणाऱ्याने भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेईलच असं नाही. कधी तो थोडी घासाघीस करतो, कधी सरळ धुडकावतो.

मला अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचा १९८४चा अभ्यास जास्त पटतो. त्यांनी प्रेमकादंबऱ्या नुसत्या वाचल्या नाहीत, तर अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन बायकांशी त्या बोलल्या. कथेइतकंच त्या बायकांना महत्त्वाचं वाटत होतं ते पुस्तक उघडून बसणं, कारण तेवढा वेळ घरच्यांच्या मागण्यांपासून सुटका! हे कादंबरीत कुठे सापडणार?

अर्थात समोर काय येणार, हे प्रेक्षक ठरवत नाही. ते ठरवतात माध्यमांचे मालक, जाहिरातदार आणि आता अल्गोरिदम. (हा मालकी-पैशांचा हिशेब कंटाळवाणा, म्हणून बरेच जण टाळतात.) मालिकेवर लिहिणार असाल तर मधल्या जाहिरातीही टिपा. वाहिनीने कोणता प्रेक्षक गृहीत धरलाय, ते तिथे लगेच दिसतं.