प्रचारगीतांचं श्रेय रिक्षावाल्यांना देऊ नका

‘गाण्यात राजकारण आणलं ते या निवडणूक प्रचाराची गाणी वाजवत फिरणाऱ्या रिक्षावाल्यांनी,’ असं कुणीतरी म्हटलं, ते अजिबात पटलं नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, तेच मुळी राजकारणासाठी. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, ऐका. सुरुवातीला वाटतं, पोटासाठी मुंबईला आलेला गडी बायकोच्या आठवणीनं झुरतोय. मग हळूच तो विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा होतो. ऐकून माणूस हलतो.

आता प्रचारगीतांच्या धंद्याची आतली गोष्ट. मी काही वर्षं एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कीबोर्ड वाजवायचो. नगरपालिकेच्या निवडणुकीत एकाच वॉर्डातल्या दोन विरोधी उमेदवारांना आम्ही एकच ट्रॅक विकला होता. चाल गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याची, ढोलकी तीच, कोरस तोच. नाव आणि चिन्हाच्या जागा मोकळ्या सोडायच्या, गायक नंतर येऊन तेवढेच शब्द भरून जायचा. एकाचं नाव तीन अक्षरी, दुसऱ्याचं पाच अक्षरी. पाच अक्षरवाल्याला ‘भाऊ’ लावायला मात्रा उरेना, त्यावरून त्याचे कार्यकर्ते रात्री बारापर्यंत भांडत बसले होते. गाण्यात वॉर्डाबद्दल काय म्हटलंय, हे मात्र एकानंही विचारलं नाही. पैसे तेवढे रोख मिळाले, तेही मोजून.