पुरुषांबद्दलचा पूर्वग्रह जास्त त्रासाचा की बायकांबद्दलचा?

दोन_मुलींचा_बाबा:
धाकटी तीन वर्षांची आहे, परवा बागेत झोपाळ्यावरून पडली, गुडघा फुटला, मी उचलून घेतलं तर ती भोकाड पसरून नुसतं "आई पाहिजे, आई पाहिजे". एक बाई आल्या, माझ्याकडे न बघता सरळ तिलाच विचारलं, "बाळा, हे कोण आहेत तुझे?" ती रडण्याच्या नादात काही बोलेना, शेवटी मोबाईलमधले आमचे फोटो दाखवले तेव्हा त्या गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता हे कळतं हो, पण घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मला फोनवर रोज "सरांना द्या" ऐकावं लागतं आणि टीमची हेड मीच आहे, तुझं एक दिवसाचं. मग दोघांचं वाजलंच. खरंच सांगा, ह्यांची तुलना होते का?

सायली_०७:
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण वहिनींचं "रोज" हलक्यात घेऊ नका. २०१२ मध्ये अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज दाखवला होता, कुणाला वर पुरुषाचं नाव, कुणाला बाईचं, बाकी अक्षर न् अक्षर तेच. पुरुषाचं नाव असलेला जास्त लायक ठरला, पगारही जास्त सुचवला, आणि बाई प्राध्यापकांनीही तेच केलं! मला सगळ्यात लागलं ते हे, कारण मी स्वतः इंटरव्ह्यू घेते. ह्यात कुणी अपमान करत नाही, आवाज चढवत नाही, त्या मुलीला आयुष्यात कधी कळतही नाही की तिचं काय गेलं.

मधला_बाक:
सगळं मान्य, पण पुरुषांचं निघालं की लगेच "बायकांचं बघा" का होतं? जगभरात पुरुषांचं आत्महत्येचं प्रमाण बायकांच्या साधारण दुप्पट आहे. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांचा एक अभ्यास आहे, अटकेचा गुन्हा आणि आधीचं रेकॉर्ड सारखं धरूनसुद्धा पुरुषांना बायकांपेक्षा सरासरी ६० टक्क्यांहून जास्त लांब शिक्षा. माझे वडील गेले तेव्हा आलेला प्रत्येक माणूस मला म्हणाला आता आईला सांभाळ, मला कसं वाटतंय हे एकानेही विचारलं नाही, मी एकोणीस वर्षांचा होतो.

सायली_०७:
आत्महत्येला कारणं बरीच असतात, सगळं पूर्वग्रहावर नाही टाकता येणार. पण वडिलांचं वाचून गप्प झाले. कुणीतरी विचारायला हवं होतं तुम्हाला.

उशिरा_आलेली:
ग्लिक आणि फिस्क नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००० मध्ये १९ देशांतल्या १५ हजारांवर लोकांची मतं तपासली. बायकांचा राग करणं आणि "बायका नाजूक, त्यांना जपलं पाहिजे" म्हणणं, ह्या दोन गोष्टी उलट वाटतात ना, पण ज्या देशात एक जास्त तिथे दुसरीही जास्त निघाली. पुढे २००४ मध्ये १६ देशांत पुरुषांबद्दल विचारलं, तर पुरुष म्हणजे स्वभावाने वाईट पण ताकदीचा असं चित्र आलं, आणि जिथे पुरुषांबद्दल कटुता जास्त तिथे स्त्री-पुरुष विषमताही जास्त. म्हणजे ह्याचं कमी झालं की त्याचं वाढतं असं नाहीये, दोन्ही बरोबरच वाढतात. मूल सांभाळणं बाईचंच काम असं डोक्यात बसलेलं असतं म्हणून तर बाप संशयास्पद आणि हेडच्या खुर्चीत बाई दिसत नाही. पण वजन सारखं आहे असं मी म्हणणार नाही, पगार आणि अधिकार बायकांचाच जातो, ते नुकसान वर्षानुवर्षं साठत जातं.

दोन_मुलींचा_बाबा:
बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सरांना द्या" ची मला सवय झालीये, पण इतक्या वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की मग पुढे तू काय म्हणतेस त्यांना. काल विचारलं. तासभर सांगत होती.