पंचकन्यांमधली ‘कन्या’ नेमकी कोणत्या अर्थाची?

प्रश्न : रोज स्मरण करायच्या श्लोकातल्या अहल्या, द्रौपदी, तारा, कुंती, मंदोदरी या सगळ्या लग्न झालेल्या, तरी पंचकन्या. कुंती आणि सत्यवती तर मूल झाल्यावरही कन्याच राहिल्या. जुन्या ग्रंथांत ‘कन्या’ म्हटलं की अक्षत कुमारिकाच समजायची का?

प्रतिसाद १ : आधी ग्रंथ कोणता ते बघा. पराशरस्मृतीत निव्वळ वय आहे : ८ वर्षांची गौरी, ९ची रोहिणी, १०ची कन्या, पुढे रजस्वला. मनुस्मृतीत (८.२२५) मात्र द्वेषापोटी मुलीला ‘अकन्या’ म्हणणाऱ्याने दोष दाखवून दिला नाही, तर १०० पण (त्या काळचं नाणं) दंड. तिथे अर्थ शरीराचाच आहे. तरीही पुनर्विवाहाच्या नियमात (९.१७६) मनू मोघम राहत नाही, सरळ ‘अक्षतयोनि’ (शरीरसंबंध न झालेली) म्हणतो.

प्रतिसाद २ : महाभारताच्या वनपर्वात सूर्य कुंतीला ‘कन्या’ची व्युत्पत्तीच ऐकवतो : सर्वांची कामना करते ती कन्या, म्हणून ती स्वतंत्र. (बोलणाऱ्याचा हेतू बघता भलतीच सोयीची व्युत्पत्ती!)

महाभारतातलीच माधवीची कथा जास्त बोलकी आहे. ती ययाती राजाची मुलगी, त्याने ती विश्वामित्राचा शिष्य गालव याला दिलेली. गालवाला गुरुदक्षिणेसाठी ८०० घोडे हवेत, तेही पांढरेशुभ्र, एकच कान काळा असलेले. तीन राजे प्रत्येकी २०० देतात, बदल्यात माधवीपासून एकेक मुलगा. प्रत्येक बाळंतपणानंतर ती वरामुळे पुन्हा कन्या! घोडे भरतात ६००च, म्हणून उरलेल्या २००च्या जागी तिलाच गुरू विश्वामित्राकडे दिलं जातं. इथे कन्यात्व म्हणजे पुन्हा देता येण्याजोगी असणं. वर मिळाला तिला, सोय झाली गालवाची.

कन्येच्या पोटी जन्मलेला तो कानीन. याज्ञवल्क्य त्याला आईच्या वडिलांचा मुलगा मानतो (२.१२९), मनू तिच्याशी लग्न करणाऱ्याचा (९.१७२). उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला ‘धर्माने तू पांडूचाच पुत्र’ म्हणतो, ते या दुसऱ्या नियमावर.

प्रतिसाद ३ : पंचकन्यांच्या श्लोकाचा पाठही (नेमके शब्दही) तपासा. ‘पञ्चकन्याः स्मरेन्नित्यम्’च्या जागी ‘पञ्चकं ना स्मरेन्नित्यम्’ असाही पाठ आहे. ‘ना’ हे ‘नृ’चं प्रथमेचं रूप : माणसाने हे पंचक नित्य आठवावं. तो घेतला तर कन्या उरतच नाहीत. शिवाय काही पाठांत कुंतीच्या जागी सीता येते.

मराठीत आणताना घोळ ‘कौमार्य’मुळे होतो. आज त्याचा एकच अर्थ डोक्यात येतो, पण गीतेतल्या ‘कौमारं यौवनं जरा’मधलं (२.१३) ‘कौमारं’ म्हणजे नुसतं बालपण, मुलाचंही.